हाताला किंमत आहे, पदवीला किती?

जयपूरच्या खजानेवालों का रास्ता या गल्लीत दिवसभर छिन्नीचा आवाज चालू असतो. दुकानांच्या पुढच्या बाजूला संगमरवराचे गणपती, राम-सीता, महावीर ओळीने उभे असतात आणि मागे कुणाचा तरी मुलगा किंवा पुतण्या पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन मूर्तीचा गाल घासत बसलेला असतो. मूर्तिकला तो घरातच शिकतो, आणि विशी गाठेपर्यंत त्याच्या हाताला काम असते. याच शहरात राजस्थान स्कूल ऑफ आर्टमध्ये चार वर्षे काढून दृश्यकलेची पदवीही घेता येते. त्यामुळे ‘कलेत पैसा आहे का?’ हा एरवी आईबापांच्या तोंडी असणारा प्रश्न जयपूरमध्ये उभाच राहत नाही. मीनाकारी, रत्नांना पैलू पाडणे, सांगानेरची छपाई, निळी पॉटरी यांवर हजारो घरे चालतात. युनेस्कोने २०१५ मध्ये हस्तकला आणि लोककलेसाठी या शहराला ‘सर्जनशील शहरां’च्या यादीत घेतले, तेही याच बळावर. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हात तयार करायला पदवीची गरज नसेल, तर पदवीचे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो?

उत्तरासाठी आधी कलाशाळा कशासाठी निघाल्या ते पाहू. मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. जयपूरची कलाशाळा महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीतली. तिचे पहिले नाव ‘मदरसा-ए-हुनरी’, म्हणजे हुन्नर शिकवणारी शाळा. किशनपोल बाजारातल्या हवेलीत भरणाऱ्या या शाळेत चित्रकलेइतकेच महत्त्व लाकूडकामाला, धातुकामाला आणि मातीकामाला होते. राज्यातला माल बाहेर खपावा आणि कारागिराच्या पोराला चांगला नमुना डोळ्यांसमोर मिळावा, हा त्यामागचा सरळ व्यवहार होता. १८८७ मध्ये खुले झालेले अल्बर्ट हॉल संग्रहालयही स्थानिक कारागिरांनी उत्तम नमुने पाहून शिकावे अशाच हेतूने मांडले गेले. पैशाचा विचार केला की कला विटाळते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. कलाशिक्षण या शहरात आले तेच रोजीरोटीचा प्रश्न घेऊन.

आता हिशेब मांडू. पदवीचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. राहणे-खाणे, रंग, कॅनव्हास, माती, भट्टी हे सगळे त्यात येते आणि त्यावर चार वर्षांत जी कमाई होऊ शकली असती तीही. जमेच्या बाजूला एकूण कमाई धरायची नाही. पदवी नसती तर जे मिळाले असते त्याहून जास्त जे मिळते तेवढेच धरायचे. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये हाच हिशेब आयुष्यभराच्या मिळकतीसाठी केला. कर आणि शैक्षणिक कर्जाची फेड वजा जाता, सृजनात्मक कलांची पदवी घेतलेल्या पुरुषांना सरासरीने तोटा झाला आणि स्त्रियांचा नफा जवळपास शून्यावर आला. वैद्यक आणि अर्थशास्त्र घेणाऱ्यांचा फायदा मात्र लाखो पौंडांत होता. ब्रिटनचा आकडा जयपूरला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे फी भरमसाट आहे आणि पदवी नसलेल्यालाही बरा पगार मिळतो. पण त्यातला धडा इथेही लागू पडतो. कलेच्या पदवीने मिळकतीत पडणारी भर लहान असते, म्हणून पदवीचा खर्चही लहानच असला पाहिजे.

सरकारी कलामहाविद्यालय आणि महागडे खासगी विद्यापीठ यांतला फरक इथेच कळतो. समजा घराने दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, व्याज दहा टक्के आणि फेड दहा वर्षांची. शिकत असतानाचे व्याज सोडून दिले तरी महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये बसतो आणि दहा वर्षांत जवळपास १५ लाख ८६ हजार भरावे लागतात. नुकत्याच पदवीधर झालेल्या चित्रकाराची कमाई महिन्याला ठरावीक नसते; एका महिन्यात भित्तिचित्राचे काम मिळते, पुढचे दोन महिने कोरडे जातात. हप्ता मात्र तारखेला कापला जातो. प्राप्तिकराच्या कलम ८०ई ची व्याजावरची सवलत आहे, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा काय उपयोग? अशा हप्त्याखाली पहिला बळी जातो तो ज्यासाठी पदवी घेतली त्या कामाचाच. मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि चित्र काढणे रविवारवर जाते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: कमी फीच्या सरकारी संस्थेतली कलेची पदवी हा शहाणा सौदा असू शकतो, कर्ज काढून घेतलेली तीच पदवी बहुतेक घरांना परवडणारी नाही.

मग पदवी नेमके काय विकत देते? एक तर दार उघडते. केंद्रीय विद्यालयात कलाशिक्षक व्हायचे तर मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका लागतेच. हात कितीही तयार असला तरी नुसत्या हातावर अर्ज करता येत नाही. या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. पुढे पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा झाली की महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचे दार, तिथे मूळ वेतन ५७,७०० पासून. जागा थोड्या आणि रांग लांब हे खरे. तरीही महिन्याच्या पगाराची ही वाट गल्लीतल्या कारागिराला बंद आणि पदवीधराला उघडी आहे, आणि पदवीची मोजता येण्याजोगी किंमत सर्वांत आधी इथे दिसते.

दुसरी गोष्ट मोजायला अवघड, पण माझ्या मते जास्त मोलाची. जयपूरच्या बाजारात नगावर मजुरी घेणारा एक असतो, नमुना ठरवणारा दुसरा आणि गिऱ्हाईक माहीत असलेला तिसरा; पैसा तिसऱ्याकडून पहिल्याकडे येईपर्यंत आटत जातो. शिक्षणाने माणूस पहिल्या जागेवरून दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर सरकला तर त्याचे पैसे वसूल झाले. निळ्या पॉटरीचे उदाहरण घ्या. ही भांडी नेहमीच्या मातीची नसतातच. क्वार्ट्झची पूड, कुटलेली काच, मुलतानी माती आणि डिंक मळून तो गोळा साच्यावर दाबतात, कारण चाकावर तो नीट उभा राहत नाही. भाजणी एकदाच, भट्टीत तडा गेला की नग वाया. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जयपूरमध्ये ही कला जवळपास संपली होती. ती परत उभी केली कृपालसिंह शेखावत यांनी, आणि ते कुंभाराच्या घरातले नव्हते. शांतिनिकेतनात आणि पुढे जपानमध्ये शिकलेले ते चित्रकार. नक्षीची जाण, रंगांचा अभ्यास, जुने नमुने वाचण्याची नजर हे त्यांनी शिक्षणातून आणले आणि एका मरू घातलेल्या धंद्याला नवे आयुष्य दिले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर कित्येक कुटुंबांची चूल या भट्टीवर पेटली. तरी केवळ कलाशिक्षणाने धंदा पुरा होत नाही. याच पॉटरीतून मणी, दारांच्या मुठी, फरशा बनवून लीला बोर्डिया यांनी ती परदेशी बाजारात नेली, तेव्हा कामी आली ती खरेदीदाराची पारख. कलामहाविद्यालये नेमकी हीच पारख शिकवण्यात कमी पडतात. कामाचा भाव कसा लावावा, बिल आणि जीएसटी काय असते, करारात काय वाचावे, हे चौथ्या वर्षालाही न कळलेला विद्यार्थी पुन्हा मजुरीच्याच जागेवर जाऊन बसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कलेचे मोल पैशात करू नये. कलेचे करू नयेच. पण पदवी ही फी भरून घेतलेली सेवा आहे आणि फी कुणाच्या तरी कष्टाची असते. पैशाचा विचार न करण्याची मोकळीक ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला असते. घरातल्या पहिल्या पदवीधराला हिशेब न सांगता कलेत ढकलणे ही मला निष्ठुरता वाटते. दुसरा आक्षेप असा की, अभियंतेही बेकार फिरतात, मग कलेलाच का धरायचे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा निष्कर्ष इतकाच की तिकडेही हाच हिशेब करावा. महागड्या, सुमार अभियांत्रिकी महाविद्यालयापेक्षा स्वस्त आणि चांगले कलामहाविद्यालय कधीही बरे.

तिसरा आक्षेप लिलावाचे आकडे पुढे करतो. ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०२१ मध्ये ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेले. पण गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. लिलावातला पैसा चित्र ज्याच्या ताब्यात असते त्याला मिळतो, चित्रकाराला नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात यावर उपाय लिहून ठेवलेला आहे. कलम ५३अ नुसार, मूळ चित्र पुन्हा दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. व्यवहारात हा हक्क क्वचितच कुणाच्या पदरात पडतो. जयपूरच्या असोत की मुंबईच्या, कलाशाळांनी पदवीच्या शेवटच्या वर्षी हे कलम विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे आणि पहिल्या विक्रीचा कागद कसा करायचा, विकत घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि किंमत कुठे नोंदवायची, हे त्यांच्या हातून एकदा करून घ्यावे. त्यासाठी फी वाढवावी लागत नाही.