फाट्यावरची पाटी आणि आतड्यातला विषाणू

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. आपल्याकडे अशा कुठल्याही फाट्यावर उतरा, ‘मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन’ ही पाटी दिसतेच. शौचाला रक्त पडलं की मूळव्याधच, असं आपण घरीच ठरवून टाकतो. बहुतेकदा ते खरंही निघतं. पण गुदद्वाराचा दुर्मीळ कॅन्सरही रक्त, खाज, गाठ अशीच सुरुवात करतो. आतड्याच्या वाटेवर विषाणूचा हात सर्वांत पक्का सिद्ध झालाय, तो नेमका इथे.

म्हणून आतड्याचे सगळेच कॅन्सर विषाणूने होतात असं मात्र नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमागे मुख्यतः वय, आनुवंशिकता, तंबाखू, दारू, लठ्ठपणा ही कारणं असतात. तिथल्या गाठींत ‘जेसी’ नावाचा विषाणू काही प्रयोगशाळांना सापडला, काहींना नाही. यात्रेत दिसला म्हणून कोणी पाकीटमार ठरत नाही.

गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. त्याच्या खालच्या भागाचं अस्तर आतड्यासारखं नसतं, त्वचेच्या जातीचं असतं. एचपीव्ही नावाच्या विषाणूला तेच मानवतं. त्याची ई-6 आणि ई-7 ही प्रथिनं पेशींची वाढ रोखणारे ब्रेक निकामी करतात. या कॅन्सरच्या शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांत एचपीव्ही सापडतो, बहुधा 16 क्रमांकाचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागेही हाच विषाणू. ते दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं.

मग रुग्णाचं ताट वेगळं करायचं का? मुळीच नाही. कॅन्सर लागट नसतो. विषाणू पसरतो तो मुख्यतः शरीरसंबंधातून, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना धोका जास्त. चारित्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढंच ऐकावं: हा कॅन्सर पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, एकनिष्ठ संसार केलेल्यांतही.

एचपीव्हीवर लस आहे, पण ‘ती लस मुलींची’ हाही गैरसमजच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ 2023 पासून मिळते आणि मुलग्यांनाही देता येते. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. झालेला कॅन्सर मात्र लसीने बरा होत नाही.

‘शौचासाठी पोटाला कायमची पिशवी लागणार’ या भीतीने अनेकजण तपासणीच टाळतात. अमेरिकेतल्या डॉ. नायग्रो यांनी 1974 मध्ये केमो आणि रेडिएशन एकत्र देण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून बहुतेकांना ती पिशवी लागतच नाही.

दोन-तीन आठवडे मलम लावूनही रक्त थांबत नसेल, तर पाटी वाचत बसू नका. सर्जनकडे जा आणि लाज न बाळगता बोटाने तपासणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.