इस्त्री, फेरिक क्लोराइड आणि गळकं सर्किट

आमच्या कामात पाण्याचा सामू (म्हणजे पीएच) मोजणारी छोटी सर्किटं सतत लागतात. पहिल्या खेपेला डिझाइन क्वचितच जमतं, आणि दर वेळी बोर्ड बाहेरून करून घ्यायचा तर वेळही जातो, पैसेही. म्हणून पहिले दोन-तीन नमुने हातानेच करतो. सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं: तांब्याचा थर दिलेला बोर्ड आणि फेरिक क्लोराइड. इस्त्री घरात असतेच.

सगळी गंमत टोनरमध्ये आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लॅस्टिकची बारीक भुकटी. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर सर्किट छापायचं, घासून लख्ख केलेल्या तांब्यावर पालथं ठेवून इस्त्री दाबायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. इंकजेटने हे होणार नाही. आणि खालच्या बाजूचे ट्रॅक असतील तर ते सॉफ्टवेअरमध्ये वरूनच दिसतात, त्यामुळे छापताना पुन्हा उलटे करू नका.

मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये, प्लॅस्टिकच्याच भांड्यात. त्यातलं लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं टिकतं. थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, पण द्रावण बाजूनेही कुरतडतं. ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक न ठेवलेले बरे.

एलईडी लुकलुकवायचा असेल तर एवढं पुरे. पीएचसाठी नाही! काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो. समजा बोर्डावर राहिलेल्या क्षारांमुळे किंवा सोल्डरच्या फ्लक्समुळे इनपुट आणि ग्राउंडमध्ये तेवढ्याच रोधाची वाट तयार झाली, तर निम्मा सिग्नल तिथेच गळतो. २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे मिळणारे सुमारे ५९ मिलिव्होल्ट ३० वर येतात. आणि आकडा मात्र पडद्यावर अगदी शांतपणे दिसत राहतो. बफरने कॅलिब्रेट केलं की झालं, असं वाटेल; पण ही गळती हवेतल्या दमटपणासोबत बदलते. सकाळचं कॅलिब्रेशन दुपारच्या पावसात निरुपयोगी.

उपाय साधे आहेत. बोर्ड भरपूर पाण्याने धुवायचा, सोल्डरिंगनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने घासायचा, पूर्ण वाळवायचा. शिवाय इनपुटच्या पिनभोवती तांब्याचं एक कडं काढून ते बफर ऑप-अॅम्पच्या आउटपुटला जोडायचं. कडं आणि पिन जवळपास एकाच व्होल्टेजवर राहतात. फरकच नाही, तर प्रवाह वाहणार कुठून? या कड्याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं मासे आणि शेवाळ दोघांनाही विषारी आहे, धातूचे पाइपही खातं. प्लॅस्टिकच्या बाटलीत, नाव लिहून, साठवा. अनेकदा वापरता येतं. संपलं की प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.