उंबरठ्यापलीकडील सोंवळें

आपल्या घरांतील सोंवळ्याओंवळ्याची आज कोणी कितीही थट्टा केली, तरी त्या आचाराच्या मुळाशीं एक व्यावहारिक शहाणपण होतें, हें कबूल करावें लागतें. तें शहाणपण म्हणजे भिन्न वस्तु भिन्न ठेवणें. खरकटें निराळें, कोरडें निराळें. भाजीचे देंठ व साली गाईपुढें, करवंट्या व चिपाडें बंबांत, सांडपाणी परसांतील केळीच्या आळ्यांत. जुन्या घरांत टाकाऊ अशी वस्तु फार थोडी उरे, आणि जी उरे तिचीही जागा ठरलेली असे. परंतु हें सर्व शास्त्र उंबरठ्यापाशीं येऊन थांबलें. घर लखलखीत, आणि त्याच घराच्या भिंतीबाहेर केराचा ढीग, हें दृश्य आपल्याकडे कोणास नवीन आहे? बाजार ही तर सर्वांची, आणि म्हणूनच कोणाचीही नसलेली जागा.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील भूम या तालुक्याच्या गांवाचेंच उदाहरण घेऊं. बालाघाटाच्या या मुलखांत पाऊस बेभरंवशाचा. म्हणून शेतीच्या जोडीला दुभतें जनावर हा संसाराचा मोठा आधार. दूध कढईंत आटवून केलेला भूमचा खवा आणि याच तालुक्यांतील कुंथलगिरीचा पेढा यांची कीर्ति दूरवर गेलेली आहे. अशा गांवाचा आठवडे बाजार म्हणजे खेडें आणि शहर यांची भेट. पण बाजार उठल्यावर मागें काय राहतें? कोबीचा पाला, नासके टोमॅटो, कांद्याचीं टरफलें, चहाचे पेले, आणि या सर्वांत कालवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या. पूर्वींच्या बाजारांतही केर होईच. परंतु तो बहुतेक कुजून मातीस मिळे. आतां त्यांत न कुजणारी वस्तु मिसळली, आणि जें खत व्हावयाचें तें विष झालें.

या विषाचे दोन मार्ग वाचकांनीं लक्षांत घ्यावे. पहिला मार्ग माशीचा. घरमाशी ओल्या केरावर एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं घालते, आणि उष्ण दिवसांत त्या अंड्यांपासून उडती माशी व्हावयास सात ते दहा दिवस पुरतात. बाजार भरतो आठवड्यानें. म्हणजे एका बाजाराचा केर तसाच पडूं दिला, तर त्यांतून निपजलेली पिढी पुढच्या बाजारास हजर होते, आणि उघड्या ठेवलेल्या मिठाईवर बसते. अतिसार, विषमज्वर इत्यादि रोगांचे जंतु ती पायांस चिकटवून आणते. आपण घरीं मुलांस हात धुवावयास लावतों, तें योग्यच. पण पुरेसें नव्हे.

दुसरा मार्ग गाईचा. गाय आपले ग्रास निवडून, चावून खात नाहीं. आधीं गिळते आणि मग रवंथ करते. अन्न चिकटलेली पिशवी ती अन्नासह गिळते. प्लॅस्टिक तिच्या पहिल्या मोठ्या पोटांत विरत नाहीं, आणि सहसा पुढेंही सरकत नाहीं. पिशवीवर पिशवी साचून तिचा गोळा होतो. पोट भरलेलें दिसतें आणि जनावर उपाशी असतें. त्याचें दूध आटतें, अंग झडतें, आणि शस्त्रक्रियेवांचून बहुधा उपाय उरत नाहीं. दुधावर जगणाऱ्या तालुक्यांत बाजारांतील एक फेंकलेली पिशवी ही कोणा शेतकऱ्याच्या चुलीवरच पडते, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्लें हें लहानसें बंदराचें गांव. तेथील नगरपरिषदेनें, रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असतांना, २०१५ नंतरच्या कांहीं वर्षांत घरोघरचा कचरा घरांतच वेगळा करून घेण्याचा नियम कसोशीनें पाळविला. ओल्या कचऱ्याचें खत व इंधनवायु होऊं लागला, सुक्याचे प्रकार लावून तो विकला जाऊं लागला, आणि जेथें पूर्वीं नाक दाबून जावें लागे त्या कचऱ्याच्या जागीं लोक मुद्दाम पाहावयास येऊं लागले. कोंकणांत पाणी मुबलक, भूमकडे तें दुर्मिळ, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु वेंगुर्ल्याचें यश पाण्यांत नसून वेगळें करण्यांत आहे.

खतासही फार पाणी लागत नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें जी पद्धति सिद्ध केली, तींत पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर देऊन ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवतात व मधून मधून उलटतात. ढीग आंतून तापतो, त्या उष्णतेनें बहुतेक रोगजंतु मरतात, आणि सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येतें. शेण आणि पाला या दोहोंची भूमच्या परिसरांत वाण नाहीं. आणि खताची गरज असलेलीं शेतें बाजाराच्या वेशीबाहेरच आहेत.

नियमही आहेत. घनकचऱ्याविषयींच्या २०१६ च्या नियमांनीं फेरीवाल्यावर कचऱ्यासाठीं स्वतःचें भांडें ठेवण्याची जबाबदारी घातली. २०१८ सालीं महाराष्ट्रांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. परंतु केवळ बंदीनें बाजार झाडला जात नाहीं. बसण्याच्या जागेबद्दल विक्रेत्याकडून जी पट्टी घेतात, जिला मराठवाड्यांत तहबाजारी म्हणतात, तिचा कांहीं भाग त्याच जागेच्या झाडलोटीवर, ओल्यासुक्याच्या निरनिराळ्या पिंपांवर आणि त्याच रात्रीं कचरा उचलण्यावर खर्च झालाच पाहिजे, असा आग्रह सुशिक्षितांनीं धरावयास हवा.

तरीही या प्रश्नाचें मर्म आपल्या घरांतच आहे. कालवलेला कचरा अखेर कोणीतरी वेगळा करतोच. आपण ज्याकडे पाहावयासही तयार नसतों, तें फुटक्या कांचांसह दुसऱ्या माणसाच्या उघड्या हातांनीं निवडलें जातें. हें काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या माथीं मारून आपण आपलें सोंवळें राखलें. तें सोंवळें नव्हे, तें दुसऱ्याच्या कष्टावरील कर्ज होय. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा हातांत खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. त्यांच्या नांवानें २००० सालीं महाराष्ट्रांत ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू झालें. त्या खराट्याचा अर्थ कीर्तनाइतकाच आपल्यासाठींही होता.

म्हणून आरंभ लहान असावा. एकत्र कुटुंबांत बाजाराला जाणारा कोणीही असो, त्याच्या हातीं कापडी पिशवी आणि खव्यासाठीं झांकणाचा डबा असावा. झांकून न ठेवलेला पदार्थ घेऊं नये, आणि न घेण्याचें कारण दुकानदारास सौम्य शब्दांत सांगावें. घरांत दोन टोपल्या असाव्या. फुटकी कांच कागदांत गुंडाळून निराळी द्यावी. कचरा नेणाऱ्यास नांवानें हांक मारावी व उन्हाच्या वेळीं पाणी विचारावें. भिन्न वस्तु भिन्न ठेवाव्या, हें आपल्या आजीस ठाऊक होतें. माणसें मात्र भिन्न ठेवूं नयेत, एवढेंच तिच्या शास्त्रांत आपण घालावयाचें आहे.