डब्याला आंबूस वास येतो तेव्हा

कुंदन शाह यांच्या १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मधली प्रेत पळवण्याची धांदल २०१२ मध्ये पुन्हा पडद्यावर झळकली, ती प्रत दुरुस्त केल्यामुळे. अशी दुरुस्ती का लागते?

जुनी फिल्म बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटची. दमट उष्णतेत तिचं विघटन होऊन अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल, सुटतं. तेच आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. फिल्म आकसते, वळते. रंगीत प्रतीत निळसर रंगद्रव्य आधी विटलं की अख्खं चित्र लालसर दिसू लागतं.

मग कडेची फाटकी छिद्रं सांधायची, धूळ काढायची आणि एकेक चौकट स्कॅन करायची. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला १,७२,८०० चौकटी! संगणक ओरखडे पुसतो, पण मूळ रंग कोणता होता हे जाणकार डोळाच ठरवतो. मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्याच्या आसपास कुणाकडे जुन्या टुरिंग टॉकीजचे डबे पडून असतील, तर भंगारात देऊ नका. रीळ ओढून उलगडू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.