बेताल नाडी

आपल्याकडे रोगी पाहावयास आलेला वैद्य प्रथम त्याचा हात हाती घेई, आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून तो क्षणभर स्तब्ध झाला की घरातली माणसेही त्याच्या मुद्रेकडे टक लावून उभी राहत. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे, आणि थांबून थांबून चालणारी नाडी हे अशुभ लक्षण होय, असेही तेथे नमूद आहे. त्या निदानपद्धतीविषयी कोणाचे काहीही मत असो. मनगटावर ठेवलेल्या बोटांना हृदयाच्या व्यवहारातील एक फार महत्त्वाचा बिघाड कळू शकतो, ही गोष्ट आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. नाडी पाहण्याचे काम सर्वस्वी यंत्रांकडे सोपवून आपण निर्धास्त झालो असताना, ह्या बिघाडाची ओळख सामान्य वाचकास करून देणे मला अगत्याचे वाटते.

निरोगी हृदयाचा कारभार एखाद्या शिस्तीच्या संस्थानासारखा चालतो. उजव्या अलिंदाच्या वरच्या अंगाला पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ठोक्याचा हुकूम तेथून सुटतो, दोन्ही अलिंदांतून म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून फिरतो, आणि खालच्या कप्प्यांच्या म्हणजे निलयांच्या सरहद्दीवर दुसऱ्या एका पुंजक्याच्या नाक्यापाशी क्षणाचा काही अंश अडविला जातो. हा खोळंबा निरर्थक नसतो. तेवढ्या अवधीत अलिंदे आपले रक्त निलयांत रिते करतात, आणि मगच तो हुकूम तंतूंच्या वाटेने निलयांवर बजावला जाऊन रक्त सर्व शरीरात ढकलले जाते. सरहद्दीवरच्या पुंजक्याचे व त्यापुढील वाटेचे नीट वर्णन जर्मनीतील मारबुर्ग येथे अभ्यास करणाऱ्या सुनाओ तावारा ह्या जपानी वैद्याने १९०६ साली प्रसिद्ध केले. आणि मूळ हुकूम जेथून सुटतो ती जागा १९०७ साली आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्या ब्रिटिश संशोधकांनी उजेडात आणली, तीही प्रथम चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या एका क्षुद्र प्राण्याच्या हृदयात. विश्रांतीच्या वेळी हा हुकूम मिनिटाला साठ ते शंभर वेळा सुटतो. म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा, आणि तोही आपल्या नकळत.

इतक्या अखंड व्यवहारात अधूनमधून एखादी चूक घडावी, ह्यात नवल नाही. आणि प्रत्येक चूक घातक असते असेही नाही. लहान मुलांची आणि तरुणांची नाडी श्वास घेताना किंचित जलद व सोडताना किंचित संथ होते, आणि हे आरोग्याचेच चिन्ह समजावे. पुष्कळांना मध्येच एक ठोका गळाल्यासारखा वाटतो व पुढचा छातीत दणकन आपटतो. एखादा ठोका वेळेआधी पडल्यामुळे असे होते, आणि हृदय अन्यथा निकोप असल्यास बहुधा त्यावर औषधाची गरज नसते. असे चुकार ठोके औषधाने मोडून काढावे, हा विचार सकृद्दर्शनी किती सयुक्तिक वाटतो! हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिकेत ह्याच विचाराची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा १९८९ साली असे दिसून आले की, काही औषधांनी चुकार ठोके तर थांबले, पण ती औषधे घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. ठोक्यांची अनियमितता दिसली की गोळी द्यावी, हा सरसकट न्याय त्या दिवसापासून रद्दबातल झाला. कोणती अनियमितता दुर्लक्षिण्याजोगी आणि कोणती दखल घेण्याजोगी, हा निवाडा हृदयालेखावाचून, म्हणजे ईसीजीवाचून करता येत नाही.

दखल घेण्याजोग्या प्रकारांत सर्वांत अधिक आढळणारा आणि घराघरांत ठाऊक असावा असा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन होय. ह्याचा शोध लागण्यास ज्यांची चिकाटी कारणीभूत झाली ते जेम्स मॅकेंझी कोणी विद्यापीठातील आचार्य नव्हते. लँकेशायरमधील बर्नली ह्या गिरण्यांच्या गावात रोग्यांच्या घरी जाऊन उपचार करणारे ते डॉक्टर होते. मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन ह्यांचे आलेख शेजारी शेजारी काढण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला आणि त्याच त्याच रोग्यांचे असे आलेख वर्षानुवर्षे जपून ठेवले. त्यावरून त्यांच्या ध्यानात आले की, काही रोग्यांची नाडी एके दिवशी कायमची बेताल होते, आणि नेमकी त्याच वेळी मानेतील आलेखातून अलिंदाच्या आकुंचनाची लाट नाहीशी झालेली असते. ह्या कोड्याचा उलगडा १९०९ साली लंडनमध्ये टॉमस लुईस ह्यांनी, लायडनच्या आइंटहोव्हेन ह्यांनी सिद्ध केलेल्या विद्युत्‌मापक यंत्राच्या साहाय्याने केला. अलिंदे थांबलेली नसतात. त्यांत एका हुकमाऐवजी मिनिटाला तीनशेहून अधिक हुकूम चहूकडून सुटत असतात, त्यामुळे ती आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात, आणि सरहद्दीवरचा नाका त्यांतले जे सापडतील तेवढे, कसल्याही क्रमावाचून, खाली जाऊ देतो.

म्हणूनच ही नाडी बोटांना ओळखता येते. पाच मिनिटे शांत बसावे, हाताचा तळवा वर करावा, अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे हलकेच टेकवावी आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे. ठोके समान अंतराने पडले तर उत्तम. एखादा चुकार पडून पुन्हा ताल जमला, तरी घाबरण्याचे कारण नाही. पण कोणत्याही दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नसेल, काही जोरकस आणि काही क्षीण असतील, आणि संपूर्ण मिनिटभर ताल म्हणून सापडतच नसेल, तर त्याच दिवशी हृदयालेख काढून घ्यावा. हा त्रास कित्येकदा येऊन जाऊन असतो, आणि मग दिवसभर अंगावर बाळगावयाच्या होल्टर यंत्राने त्याचा माग काढावा लागतो. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाची नाडी रक्तदाबाबरोबरच पाहिली जावी, असे माझे मत आहे. कारण अनेकांना ना धडधड जाणवते ना दम लागतो, आणि आजाराचा पहिला दाखला मिळतो तो थेट अर्धांगवायूच्या रूपाने.

ह्या विकाराचे खरे मर्म ते हेच. संकट हृदयात उद्भवते, पण त्याचा घाव मेंदूवर पडतो. अलिंद आकुंचन पावत नसल्यामुळे डाव्या अलिंदाला जोडून असलेल्या एका लहानशा पिशवीवजा भागात रक्त साकळते, तेथे गुठळी धरते, आणि ती सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदूत गेली की क्षणार्धात शरीराची एक बाजू लुळी पडते, वाचा जाते. फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासात असे आढळले की, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. आणि ऱ्हुमॅटिक तापाने डावीकडची झडप अरुंद झालेल्या रुग्णात तो सतरापटीच्या घरात जातो. युरोप-अमेरिकेत हा विकार मुख्यतः वृद्धांचा. आपल्या देशात मात्र त्याच्या जोडीला झडपा बिघडलेली तिशी-चाळिशीतली माणसे, विशेषतः स्त्रिया, येतात.

ह्यावर उपाय आहे, तो प्रभावी आहे, आणि तो नेटाने चालविला जात नाही, हीच मला सर्वांत क्लेशकारक वाटणारी गोष्ट आहे. उपाय म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध. व्यवहारात त्यालाच रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर १९२०च्या दशकात बुरसटलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या गवतातील कारक द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक ह्यांनी वेगळे केले, त्याच घराण्यातले वॉरफरिन प्रथम उंदीर मारण्यास वापरले गेले, आणि पुढे तेच माणसाला पक्षाघातापासून वाचवू लागले. वॉरफरिन किंवा आपल्याकडे अधिक प्रचारात असलेले ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याने आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या मुदतीत करावीच. ती सामान्यतः दोन ते तीनच्या दरम्यान असली म्हणजे औषध नीट लागू पडते आहे असे समजावे, दोनच्या खाली गुठळीचे भय आणि तीनच्या वर रक्तस्रावाचे. मेथी, पालक, कोथिंबीर वर्ज्य करावयाची नसते, त्यांचे प्रमाण आठवड्या-आठवड्याला बदलू द्यावयाचे नसते, इतकेच. सांधेदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविके, शेजाऱ्याने दिलेली चूर्णे आणि काढे ह्यांनी आयएनआरचे प्रमाण ढळते, म्हणून नवे काहीही पोटात घेण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तर ते आधीच सांगावे, कारण ह्या गोळ्यांनी गर्भास अपाय होऊ शकतो. अलीकडची ॲपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान ही औषधे वारंवार तपासणीवाचून घेता येतात, आणि पुष्कळ रुग्णांना तीच अधिक सोयीची व सुरक्षित ठरतात. तथापि कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांना ती चालत नाहीत, आणि ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णांत जुन्याच औषधाने अधिक जीव वाचतात, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत सिद्ध झाले. ॲस्पिरिन हा ह्या कामी पर्याय नव्हे. धडधड थांबली म्हणून, किंवा दात काढावयाचा आहे म्हणून, आपल्याच अखत्यारीत गोळी बंद करणे हे संकटाला आमंत्रण होय.

हा विकार टाळता येतो काय? पुष्कळ अंशी येतो. त्याचे सर्वांत सामान्य कारण उच्च रक्तदाब. आणि ह्या बाबतीत मुंबईचे नाव अभिमानाने घ्यावे लागेल, कारण डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने जगाचे लक्ष ह्या वनस्पतीकडे वेधले. त्याच सर्पगंधेतून दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनी १९३१ साली अजमलीन वेगळे केले होते, आणि हे द्रव्य हृदयाच्या तालावरील औषधांतही पुढे गणले गेले. रक्तदाबाच्या खालोखाल येतात ते स्थूलता, मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, घोरताना श्वास अडकण्याचा विकार, आणि मद्य. ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत शरीराचे वजन दशांशाने उतरविणाऱ्या स्थूल रुग्णांचा ताल लक्षणीय सुधारला, आणि मद्य सोडणाऱ्यांत हा विकार कमी उलटला. चहा-कॉफीला मात्र उगाच दोष दिला जातो. बेताने घेतल्यास बहुतेकांना त्यांपासून अपाय नाही. आणि मुलाबाळांच्या घरांत सर्वांत मोठा बंदोबस्त हा की, तापासह घसा सुजल्यास त्याचा वेळीच इलाज करावा, कारण झडपा बिघडविणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाची सुरुवात अशा घशापासूनच होते, आणि ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाचे ठरावीक मुदतीचे पेनिसिलिनचे इंजेक्शन एकदाही चुकवू नये.

उपचारांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. ठोक्यांची गती औषधाने आवरता येते, विजेच्या नियंत्रित धक्क्याने ताल पूर्ववत करता येतो, आणि विकाराची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते, असे १९९८ साली बोर्दो येथील संशोधकांनी दाखविल्यापासून ती जागा नळीवाटे निष्प्रभ करण्याची शस्त्रक्रियाही रूढ झाली आहे. उलट ज्यांचे हृदय फार संथ चालते त्यांच्यासाठी पेसमेकर आहे. स्वीडनमधील आर्ने लार्सन ह्यांच्या शरीरात तो १९५८ साली जगात प्रथम बसविण्यात आला, आणि यंत्रे पुनःपुन्हा बदलत ते २००१पर्यंत जगले.

धडधडीबरोबर भोवळ येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, किंवा घराण्यात कोणी तरुण माणूस अकस्मात दगावल्याचा इतिहास असणे, ह्यांपैकी काहीही असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर मालिश, काढा, झाडपाला ह्यांत वेळ दवडू नका. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून तपासणीची सोय असलेले मोठे रुग्णालय तत्काळ गाठा, लक्षणे किती वाजता सुरू झाली ते सांगा, आणि रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास तिचे नाव व शेवटच्या आयएनआरचा कागद डॉक्टरांच्या हाती द्या.