कुकडीकाठी जवस परत यावे म्हणून

घोड नदीच्या काठी चांडोली नावाचे गाव आहे. १९६० च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथल्या एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांमधला दोरा कुजला नव्हता. तो तपासला तेव्हा जवसाच्या झाडाच्या तंतूचा निघाला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या या जुन्नर-आंबेगावच्या मुलखातली माणसे जवस ओळखत होती. आज त्याच मुलखात जवस पाहायला किराणा दुकानात जावे लागते, आणि तिथे ते परदेशी नावाच्या, चकचकीत पाकिटात मिळते.

ओझरला विघ्नेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्याला आता सगळीकडे पाणी दिसते. कुकडीवरच्या येडगाव धरणाचा फुगवटा देवळाच्या अंगाला येऊन टेकला आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने इथल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला. ऊस, कांदा, द्राक्षे आली, नारायणगावचा टोमॅटोबाजार उभा राहिला. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पण पाणी आले आणि कोरडवाहू रब्बीतली तेलबियांची पिके मागे पडली, हेही खरे. गहू-हरभऱ्याच्या शेतात मधूनमधून जवसाचे, करडईचे पाटे टाकायचे ही दख्खनची जुनी रीत. करडईच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत आणि वर घरचे तेल निघे. बागायतीच्या हिशेबात अशा पाट्यांना जागा उरली नाही. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या खाचरांवरल्या वरकस उतारांवर, खुरासणी मात्र अजून तग धरून आहे. भादव्याच्या शेवटी ते उतार पिवळे होतात.

आता ग्रंथांकडे वळतो, कारण जवसाच्या नावावर सध्या आयुर्वेदाच्या तोंडी बरेच काही घातले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय पूर्णपणे स्नेहावर, म्हणजे स्निग्ध पदार्थांवर, आहे. तूप, तेल, वसा आणि मज्जा हे चार श्रेष्ठ स्नेह, आणि त्यांतही तूप पहिले. वनस्पतिज स्नेह कशाकशातून मिळतो याची तिथे यादी आहे: तीळ, चारोळी, बेहडा, हिरडा, एरंड, मोह, मोहरी, करडई, करंज, शेवगा, अक्रोड, आणि त्यांतच अतसी, म्हणजे जवस. ही यादी वाचताना मला भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंतचे रान आठवते. जो बाळहिरडा आपल्या आदिवासी कुटुंबांना दरवर्षी चार पैसे मिळवून देतो, तोही या यादीत आहे.

पण यादीत असणे वेगळे आणि वाखाणले जाणे वेगळे. तेलांत चरकाने श्रेष्ठ ठरवले तिळाचे तेल. जवसाच्या तेलाबद्दल तो सांगतो की ते उष्ण आहे, वातात हितकर आहे, पण रक्तपित्त वाढवते. सुश्रुत आणखी कडक आहे. जवसाचे तेल वातनाशक असले तरी पचायला जड, पित्तकर, बळ कमी करणारे आणि डोळ्यांना अहितकर, असा त्याचा निवाडा आहे. तेव्हा ‘आयुर्वेदाने जवसाच्या तेलाला अमृत म्हटले आहे’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर त्याने मूळ ग्रंथ उघडलेला नाही असे खुशाल समजावे. आचार्यांनी जवसाला नाकारले नाही आणि डोक्यावरही घेतले नाही. कोणाला, कोणत्या ऋतूत, किती, हे त्यांचे प्रश्न होते. शरद ऋतूत तूप, वैशाखात वसा-मज्जा, पावसाळ्याच्या तोंडाला तेल, असा स्नेहपानाचा काळही चरकाने ठरवून दिला आहे. दिवाळी शरदातच येते, पण म्हणून अनारसे तुपात तळण्याला चरकाची परवानगी मिळाली असे होत नाही. तिथे विषय औषधाच्या मात्रेचा आहे, फराळाच्या डब्याचा नाही.

तेल आणि औषध यांचे नाते फक्त ग्रंथांत नव्हते. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, तिसऱ्या शतकातला, एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी काही श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, कायमच्या ठेवी ठेवल्याची त्यात नोंद आहे, आणि त्या श्रेणींत तेल्यांचीही श्रेणी आहे. घाणेवाल्यांवर समाजाचा एवढा विश्वास होता, याचा मला फार आदर वाटतो.

आधुनिक पोषणशास्त्राची या विषयातली सुरुवात उशिरा झाली. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून स्निग्धांश पूर्ण काढून टाकला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली. चरबीतले काही घटक शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात, हे त्यातून कळले. आज त्यांचे दोन गट आपण ओळखतो, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. आपल्या भागातली गोम इथेच आहे. जुन्नरच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा, सूर्यफूल, करडई किंवा खुरासणीचे तेल असते. या चारही तेलांत ओमेगा-३ जवळजवळ नाही. सोयाबीन आणि मोहरीत थोडे असते. जवसाच्या बीत मात्र सुमारे ४० टक्के तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३. माळकरी घरात मासे शिजत नाहीत. त्या घरासाठी यापेक्षा स्वस्त सोय दुसरी नाही. एक मोठा चमचाभर जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास हे आम्ल मिळते, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण तेवढीच मानली जाते.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. माशांतले ओमेगा-३ आणि जवसातले ओमेगा-३ एक नव्हे. जवसातल्या आम्लापासून शरीर माशांतली लांब साखळीची आम्ले बनवते, पण फार थोडी. आणि जर्मन रसायनतज्ज्ञ जोहाना बुडविग यांच्या नावाने जवसाचे तेल आणि चक्का कालवून कर्करोग बरा होतो, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्याला भक्कम वैद्यकीय चाचणीचा आधार नाही. या आशेपायी कोणी चालू उपचार सोडू नयेत, ही कळकळीची विनंती. ज्याला आधार आहे ते साधे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांनी सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खाल्ले, आणि त्यांचा वरचा रक्तदाब जवस न घेतलेल्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. चाचणी लहान होती, पण तिथे खाल्ले गेले ते दळलेले बी, बाटलीतले तेल नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

करडईची गोष्ट याहून बोलकी आहे. शहरी मराठी घरांत करडईचे तेल हृदयाचे तेल म्हणून दोन पिढ्या वापरले गेले. चरकाने मात्र वनस्पतिज स्नेहांत सर्वांत अहितकर म्हणून करडईच्याच तेलाचे नाव घेतले आहे. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयरुग्णांना लोणी-चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचे मार्गारिन देऊन पाहिले होते. २०१३ मध्ये त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तेल घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक आढळले. यावरून चरक सिद्ध झाला, असे मी म्हणणार नाही. त्याची कारणमीमांसा निराळी आहे, आणि असंतृप्त तेलांच्या बाजूने लागलेले अभ्यासही पुष्कळ आहेत. पण एकच तेल बारा महिने, तेही ‘हृदयासाठी चांगले’ म्हणून सढळ हाताने वापरणे चुकीचे, हे दोन्ही बाजूंनी निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. दिवाळीच्या आठवड्यात चकलीच्या घाण्यामागे घाणा निघत असताना हा आकडा कोणाला आठवतो?

आणि जवसाचे तेल तर कढईत घालूच नये. ज्या गुणामुळे ते शरीराला उपयोगी, त्याच गुणामुळे ते हवेतला प्राणवायू चटकन घेते, खवट होते, पातळ थरात वाळून घट्ट बसते. चित्रकार त्यात रंग कालवतात आणि क्रिकेटच्या बॅटीला ते चोळतात, ते याचमुळे. तापवले की ते लवकर धुरते. म्हणून बाजारातली महागडी बाटली, जी कधी पिळली आणि किती दिवस उजेडात उभी होती ते कळत नाही, ती घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. अख्ख्या बीचे कवच हे तेलाचे सर्वांत चांगले झाकण आहे. पण अख्खे बी न चावता गिळले तर तसेच बाहेर पडते. तेव्हा मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे, आठवडाभर पुरेल एवढेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या बायकांनी हे कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठरवले होते. भाजल्याने बीतली सायनाइड तयार करणारी द्रव्येही कमी होतात. बीत तंतू भरपूर असतात, त्यामुळे जवस खाणाऱ्याने पाणी पुरेसे प्यावे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

बियाण्याची अडचण नाही. नागपूरच्या जवस संशोधन केंद्राने एनएल ९७, एनएल २६० असे वाण दिले आहेत. पुण्यात भारती विद्यापीठात जवसावर वर्षानुवर्षे काम झाले आहे, कोंबड्यांना जवस घालून ओमेगा-३ वाढवलेल्या अंड्यांपर्यंत. अडचण आहे ती मागणीची. लाकडी घाणे पुन्हा गावोगाव सुरू होत आहेत, पण त्यांवर बहुतेक शेंगदाणाच पडतो.

म्हणून माझे सांगणे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना आणि इथे येणाऱ्या भाविकांनाही आहे. कार्तिकी पौर्णिमेला ओझरच्या दीपमाळा उजळतील, तेव्हा शेतात हरभऱ्याची पेरणी चालू असेल. त्यात जवसाचे चार पाटे टाका. घाणेवाल्यांनी शेंगदाण्याच्या तेलाशेजारी जवसाची ताजी चटणी आठवड्याच्या मापाने विकायला ठेवावी. आणि देवदर्शन करून परतणाऱ्यांनी प्रसादाच्या पेढ्यांबरोबर तीही घ्यावी.