जीवनसंकल्प : लिहावा कसा, पाळावा कसा



शेवटच्या वर्षाला आले की प्रत्येकाला आपला बायोडाटा तयार करावा लागतो. त्यात अगदी वरच्या बाजूला ‘ऑब्जेक्टिव्ह’ नावाचा एक रकाना असतो. एका वर्गातले वीस बायोडाटा घेऊन त्यांवरची नावे झाका आणि हा रकाना वाचा. कोणता मजकूर कोणाचा, हे लिहिणाऱ्यालाही ओळखता येणार नाही! कारण तो लिहिलेला नसतो. मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी कागदावरून उतरवून घेतलेला असतो. आपण कशासाठी जगणार, या प्रश्नाचे उत्तर आपण दुसऱ्याच्या वहीतून कॉपी करतो आणि त्यात काही चुकले असे आपल्याला वाटतही नाही.

आयुष्याचे ध्येय थोडक्यात लिहून काढावे आणि निर्णयाची वेळ आली की त्याकडे पाहावे, याला अलीकडे ‘मिशन स्टेटमेंट’ म्हणतात. आपण त्याला ‘जीवनसंकल्प’ म्हणू. हे परदेशी फॅड आहे, असे पुष्कळांना वाटते. पण नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे, आणि तिचे उत्तम नमुने आपल्या जवळच, पुण्यात सापडतात. ते नीट पाहिले तर संकल्प कसा लिहावा हे कळते. तो कुठे फसतो हेही कळते.

पहिला नमुना गोपाळ गणेश आगरकरांचा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा मुलगा अत्यंत गरिबीत शिकला. पुण्यात उच्च शिक्षण घेत असताना त्यांनी आईला एक पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले दिवस पालटतील, अशी आशा तू धरू नकोस. मी पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे एम. ए. झाल्यावर ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला, १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १८९५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच वारले. शेवटपर्यंत त्यांनी त्या पत्रातला शब्द मोडला नाही.

या पत्रात आपण शिकण्यासारखे काय आहे? एक तर, आगरकरांनी ‘मी मोठा होणार’ असे लिहिले नाही; ‘मी अमुक घेणार नाही’ असे लिहिले. दुसरे म्हणजे, ज्या व्यक्तीला या संकल्पाची किंमत मोजावी लागणार होती, तिलाच त्यांनी तो आधी कळवला. मुलाच्या त्यागाचा चटका आईलाही बसणार होता. आपण संकल्प करतो तेव्हा त्याचे बिल पुष्कळदा घरच्यांच्या नावाने फाटते, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

दुसरा नमुना गोपाळ कृष्ण गोखल्यांचा, आणि तो फार बोलका आहे. १८९७ साली गोखले इंग्लंडला गेले असताना, प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोल्जरांनी पुण्यात अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी तेथे जाहीर केले. परत आल्यावर त्यांना पुरावा उभा करता आला नाही, आणि सरकारची बिनशर्त माफी मागावी लागली. स्वदेशात त्यांची फार मानहानी झाली. त्यानंतर, १८९८ साली, त्यांनी स्वतःपुरती एक यादी लिहून ठेवली. नियमित योगाभ्यास करीन. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवीन. मुंबईच्या, मग वरिष्ठ कायदेमंडळाचा आणि शेवटी ब्रिटिश पार्लमेंटचाही सभासद होण्याचा प्रयत्न करीन, आणि तेथे देशाचे हित करीन! अपमानाने पोळलेल्या एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाने आपला तोल सावरण्यासाठी लिहिलेला हा कागद आहे. त्यातली पहिली दोन सभासदत्वे त्यांना पुढच्या चार-पाच वर्षांतच मिळाली. पार्लमेंटचे मात्र कधीच मिळाले नाही.

आता याच गोखल्यांनी सात वर्षांनी लिहिलेला संकल्प पाहा. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, स्थापन केला. त्या दिवशी त्यांनी व त्यांच्याबरोबर आणखी तिघांनी सात शपथा घेतल्या. त्यांचा सारांश असा : मनात देशाला पहिले स्थान देईन, सेवेतून स्वतःचा लाभ पाहणार नाही, जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानीन, समाज देईल तेवढ्यावर आपला व कुटुंबाचा निर्वाह करीन, खाजगी आयुष्य शुद्ध ठेवीन, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, आणि समाजाच्या उद्दिष्टांना बाध येईल असे काही करणार नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवा. १८९८ च्या यादीत ‘मला काय मिळवायचे आहे’ ते आहे. १९०५ च्या शपथांत ‘मी काय सोडणार आहे’ ते आहे. यादी पुरी होणे पुष्कळसे नशिबाच्या, मतदारांच्या, सरकारच्या हाती असते. शपथ पाळणे आपल्या हाती असते. भांडण करणार नाही, हे उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडल्याबरोबर कसाला लागते! म्हणून पहिल्या कागदाला महत्त्वाकांक्षा म्हणावे, आणि दुसऱ्याला संकल्प. महत्त्वाकांक्षा वाईट नव्हे. गोखल्यांना तिनेच उभे केले. पण तिच्यावर थांबू नये.

संकल्प संदिग्ध लिहिला तर काय होते, याचेही उदाहरण याच मंडळींत आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचे आजीव सदस्य अल्प वेतनावर संस्थेला वाहून घेत. सर्वांचे हेतू निर्मळ होते. परंतु सदस्याने बाहेरची कामे करावीत का, त्यांतून मिळालेला पैसा कोणाचा, वेतन वाढवून घ्यावे का, या प्रश्नांवर प्रत्येकाचा अर्थ निराळा निघाला. अखेर १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. टिळक-आगरकरांत सामाजिक सुधारणेवरून मतभेद होतेच. पण संस्थेतल्या फुटीचे मोठे कारण ‘वाहून घेणे’ या दोन शब्दांचा अर्थ आधी ठरला नव्हता, हे होते. थोरामोठ्यांची ही गत झाली, तर आपल्या ‘प्रामाणिकपणे मेहनत करीन’ या वाक्याचा काय टिकाव लागणार?

पुण्याच्या गोष्टी हुबळीत कशाला, असे कोणी विचारील. आपल्या विद्यानगरातून जाणारा पी. बी. रोड पुण्याहूनच येतो, आणि त्याच वाटेने हा विचारही इकडे आला. १९१६ साली बेळगावात सात तरुण शिक्षकांनी केएलई संस्था काढली. कर्नाटकात त्यांना ‘सप्तर्षी’ म्हणतात. पुण्याच्या आजीव सदस्यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. भाषा कन्नड, संकल्पाची जात तीच. याच संस्थेने १९४७ साली आपल्या हुबळीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. विद्यानगरातल्या ज्या बाकांवर आपण बसतो, त्यांच्यामागे कोणीतरी काहीतरी न घेण्याचे ठरवले होते, एवढे विसरू नये.

तेव्हा संकल्प लिहायला बसाल तर चार गोष्टी सांभाळा.

एक : घरी बोलता त्या भाषेत लिहा, मराठी असो वा कन्नड. उसन्या भाषेत खोटे बोलणे सोपे जाते.

दोन : काय मिळवणार याच्याबरोबर काय सोडणार हेही लिहा. न सोडता केलेला संकल्प म्हणजे नुसती इच्छा.

तीन : शब्द असे घ्या की पाळला की मोडला हे तुमचे तुम्हाला कळावे. ‘समाजसेवा करीन’ यापेक्षा ‘दर रविवारी वस्तीतल्या दोन मुलांना गणित शिकवीन’ हे बरे. ‘भ्रष्टाचाराला विरोध करीन’ यापेक्षा ‘लग्नात हुंडा घेणार नाही व देऊ देणार नाही’ हे बरे.

चार : ज्याला झळ लागणार आहे त्याला तो वाचून दाखवा. कर्ज काढून शिकवणाऱ्या वडिलांना तुमचा त्याग वर्तमानपत्रातून कळू नये. त्यांचे म्हणणे ऐकून कागद बदलावा लागला तर त्यात कमीपणा नाही. घरचे कर्ज आधी फेडीन, हाही एक संकल्पच आहे. आणि तो काही हलका नाही.

मग वर्षातून एकदा, परीक्षा संपलेल्या दिवशी, तो कागद काढून वाचा. मोडलेल्या वाक्यापुढे खूण करा. पुढच्या वर्षी त्याच वाक्यापुढे पुन्हा खूण करावी लागली, तर वाक्य खोटे आहे की आपण, याचा शांतपणे विचार करा. हा कागद कोणी तपासणार नाही, त्याला गुण मिळणार नाहीत. म्हणूनच तो तरी दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ नका.